लालासाहेबांच्या सोप्यातला ओढा

निंबळवाडीच्या लालासाहेबांनी फौजेत पूल बांधले होते यावर गावात कुणाचाच विश्वास नव्हता, पण ऐकून सगळे घ्यायचे. एसटीच्या थांब्यावर गाठ पडली की आष्ट्याची गाडी येईस्तोवर लालासाहेबांचा एक पूल बांधून व्हायचा. गाडीला उशीर झाला तर त्यावरून रणगाडेही जायचे. ते इंजिनिअरांच्या पलटणीत होते ही गोष्ट खरी, पण नेमणूक होती स्टोअरला. पुलाला लागणारे दोर, पहारी, फावडी, नटबोल्ट सगळं त्यांच्या हातून बाहेर जायचं आणि त्यांच्याच हाती परत यायचं. एक फावडं कमी भरलं तर आपण कर्नलसाहेबालाही सोडत नव्हतो, असं ते सांगायचे, आणि एवढं मात्र गावाला पटायचं.

निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी सोनारकीच्या ओढ्याकाठी, आपल्याच रानात, घर बांधलं. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी परोपरीनं सांगितलं की ओढ्याच्या इतक्या जवळ नको. लालासाहेबांनी एक डोळा मिटला, हात लांब केला, अंगठा उभा धरला आणि म्हणाले, "लेव्हल मी बघितलीया." झालं, पाया खोदला. पुढं महापुराच्या साली कृष्णेचं पाणी ओढ्यातून उलटं चढत आलं आणि बरोबर त्यांच्या खालच्या पायरीला लागून थांबलं. सगळं गाव ट्रॉलीत बसून आष्ट्याच्या शाळेत गेलं, मनुबाईही गेल्या, आणि लालासाहेब एकटे सोप्यात झोपाळ्यावर बसून राहिले. "पायरीला लागलं, आत आलं का?" हे वाक्य तेव्हापासून ते येईल त्याला ऐकवत होते.

मनुबाई म्हणजे त्यांची बायको. नवरा फौजेत असताना शेत, जनावरं, पोराची शाळा आणि दिराशी चाललेलं बांधाचं भांडण हे सगळं त्यांनी एकटीनं रेटलं होतं. त्यामुळं लालासाहेब परत येऊन हुकूम सोडायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "सोडा की, सोडा. चा पिऊस्तोवर सोडा." मुलगा विश्वजीतही फौजेत गेला, जम्मूकडं. घरात दोघंच उरली. लालासाहेबांकडं वेळ उदंड आणि हुकूम झेलायला कुणी नाही, अशी अवस्था होती.

अशात एका थंडीत मयूरी आली.

मयूरी मूळची वाईची, कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पुढचं शिक्षण घेत होती. स्कूटीवरून आली, मागं काळी पेटी बांधलेली, पाठीवर लॅपटॉप. ओढ्यात उतरायला लालासाहेबांच्या रानातूनच वाट होती, म्हणून परवानगी मागायला थांबली.

"कसला अभ्यास म्हनला?" लालासाहेबांनी खुर्ची पुढं ओढली.

"ओढ्याला पूर आला तर पाणी कुठपर्यंत चढेल, हे आधी सांगता येतं का ते बघायचंय, काका. कॉम्प्युटरला ओढ्याचा आकार द्यायचा, पाऊस द्यायचा, की तो पाणी वाहवून दाखवतो."

"आन आकार कोन देनार?"

"तोच तर माझा विषय आहे," मयूरी खुलली. "एक आकार तयार मिळतो. आभाळातून साऱ्या पृथ्वीच्या उंच्या मोजून ठेवल्यात, त्यातून कॉम्प्युटरच ओढा शोधून काढतो. दुसरा आकार आपण ओढ्यात उतरून मोजायचा. मग दोन्ही आकारांत तेच पाणी सोडायचं आणि फरक किती पडतो ते बघायचं."

"मग तयार आकारात आमचा वढा कसा दिसतुय? दावा की."

मयूरीनं लॅपटॉप उघडला आणि मग जरा थांबली. लालासाहेबांनी चष्मा लावला. विहीर सापडली, आष्ट्याचा रस्ता सापडला, पलीकडं कोंडीबाचं रान सापडलं. एक निळी रेघ डोंगराकडून नागमोडी येत होती.

"ह्ये आमचं घर."

"हो."

"आन ही निळी रेघ?"

"ओढा."

"वढा घराच्या मागं हाय, मॅडम. पार मागं. ही रेघ तर…"

"ह्यात तो घरातून जातोय, काका," मयूरी खालच्या आवाजात म्हणाली.

चहाचे कप घेऊन आलेल्या मनुबाई मागून डोकावल्या. "कंच्या खोलीतनं?"

मयूरी सरळ मुलगी होती. तिनं चित्र मोठं केलं, बोटानं इकडंतिकडं सरकवलं. "पुढच्या, बहुतेक."

"सोप्यातनं," मनुबाईंनी निकाल दिला. "झोपाळ्याखालनं."

लालासाहेब झोपाळ्याकडं असं बघत राहिले की जणू त्यानंच फितुरी केली होती.

बातमी गावात पसरायला संध्याकाळ पुरली. कॉलेजच्या बाईनं कॉम्प्युटरवर लालासाहेबांच्या घरातून ओढा काढला, एवढीच ती निघाली. वेशीपर्यंत जाताना सरकार पूररेषा आखून घर पाडणार अशी झाली, आणि साताऱ्याच्या मेहुण्यांकडं पोचली तेव्हा घर पडलंही होतं. विश्वजीतचा फोन आला, "आबा, तुमी कुटं ऱ्हाताय सध्या?" ओढ्यापलीकडचा कोंडीबा, लालासाहेबांचा लहानपणापासूनचा सोबती आणि लहानपणापासूनचाच वैरी, मुद्दाम गळ आणि काठी घेऊन दारात आला. "लालासाब, झोपाळ्यावर बसूनच मासं धरावं म्हंतो. हाय का परवानगी?"

लालासाहेबांना जेवण गेलं नाही. शत्रूनं घर घेतलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण स्वतः लेव्हल बघून बांधलेल्या घरातून कुण्या यंत्रानं ओढा न्यावा!

दुसऱ्या दिवशी मयूरी आली तेव्हा ते फाटकात उभेच होते. "हे असं कसं झालं, त्याचा रिपोर्ट पायजे."

मयूरीनंही विचार केला होता. तिनं समजावून सांगितलं. हे मोजमाप दोन हजार सालच्या फेब्रुवारीतलं. तेव्हा हे घर नव्हतंच. शिवाय त्याचा एकेक चौकोन एवढा मोठा की त्यात आजचं घर, गोठा, अंगण आणि उकिरडा सगळं मावतं, आणि त्या सगळ्याला मिळून उंची एकच.

"घर आन उकिरडा येकाच उंचीचं?" लालासाहेबांचा आवाज चिरकला.

"आणि दुसरं म्हणजे, त्या मोजणीला जमीन आणि पीक वेगळं कळत नाही. ऊस उभा असला तर उसाचा शेंडा म्हणजेच जमीन असं ती धरते. कोंडीबाकाकांच्या रानात तेव्हा ऊस उभा असणार, म्हणून त्यांचं रान टेकडीसारखं वर आलंय. आणि तुमचं रान मोकळं असणार, म्हणून खाली गेलंय. पाणी खालच्या बाजूनं वाहणार."

"मोकळंच हुतं," मनुबाई आतून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "हे तवा फौजेत. त्या साली मी ऊसतोडीची चिठ्ठी देनाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या दारात जाऊन बसले आन सगळ्या शिवारात आदी आपला ऊस तोडून घेतला. कोंडीबाचा पार होळीपतोर वाळत उभा हुता."

लालासाहेब सावकाश त्यांच्याकडं वळले. "म्हंजी वढा घरात तू आनलास."

"आनला असंल. ऊस तर गेला ना?"

आता मोजणी करायचीच, आणि ती आपल्या देखरेखीखाली, असं लालासाहेबांनी ठरवलं. मयूरीसोबत पट्टी धरायला येणारा वर्गमित्र ऐन वेळी मावसबहिणीच्या लग्नात अडकला होता, म्हणून तिलाही माणूस हवाच होता. काम साधं होतं. मयूरी काठावर तिपाईवर दुर्बीण लावून उभी राहणार; दुसऱ्यानं लाल-काळ्या आकड्यांची उंच पट्टी घेऊन ओढ्याच्या एका काठावरून उतरायचं, ठरावीक ठिकाणी पट्टी जमिनीला टेकवून उभी धरायची, तळातून पलीकडच्या काठावर चढायचं. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा दिसतो, त्यावरून जमीन किती खोल ते कळतं. असे ओढ्याचे आडवे काप ठिकठिकाणी घ्यायचे.

लालासाहेब इस्त्रीची पँट, पलटणीची टोपी आणि विश्वजीतनं नुकतेच पाठवलेले बूट घालून आले. बूट असे चकाकत होते की त्यात ओढा दिसत होता. पट्टी त्यांनी रायफलीसारखी खांद्याला लावली.

"काका, नुसती उभी धरा."

"सावधान का विश्राम?"

"सरळ," मयूरी म्हणाली.

पहिले दोन दिवस मजेत गेले. लालासाहेब प्रत्येक टप्प्यावर "पोझिशन पक्की!" म्हणून ओरडायचे आणि काठावरची बगळ्यांची रांग उठून पुढं जाऊन बसायची. कोंडीबाच्या म्हशीला तिपाई खाज सुटलेल्या मानेसाठीच रोवलीय असं वाटलं आणि एक अख्खा काप पुन्हा घ्यावा लागला. कोंडीबा बांधावर बसून प्रत्येक आकड्यावर मत द्यायचा. लालासाहेब त्याच्याकडं बघायचे नाहीत, पण तो जेवायला गेला की त्यांचं ओरडणं आपोआप कमी व्हायचं.

मयूरीला मात्र ह्या माणसाची गंमत वाटायला लागली होती. दुपारी बाभळीखाली भाकरी खाताना ती विचारायची आणि ते सांगायचे. पुलाचं नाही, स्टोअरचं. कुठल्या दोराला ओल चढते, कुठल्या थंडीत नटबोल्टाला बोट चिकटतं. हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच लागायचा, आणि थाप एकही नसायची.

घरामागच्या डोहापाशी मात्र अडचण आली. तिथं तळाशी चिखल होता, काळा, मऊ, वास मारणारा. लालासाहेबांनी चिखलाकडं बघितलं, बुटांकडं बघितलं. डोहाच्या मधोमध मनुबाईंचा धुण्याचा धोंडा होता, सपाट, कोरडा, मांडीएवढा उंच. मधे बेशरमीचं दाट झुडूप होतं. मयूरीला दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे दिसत होते, पट्टीचं बूड दिसत नव्हतं. लालासाहेब एका उडीत धोंड्यावर गेले, पट्टी टेकवली आणि ओरडले, "पोझिशन पक्की!"

मयूरीनं आकडा घेतला. बूट कोरडे राहिले.

आठवड्यानं ती परत आली ती गप्प गप्प. लालासाहेबांनी गावातली चार माणसं आणि खास आमंत्रण देऊन कोंडीबाला बोलावून ठेवलं होतं. झोपाळा पुसून घेतला होता. आता ह्या झोपाळ्याखालून ओढा निघून मागं जाणार, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं होतं.

लॅपटॉप उघडला. निळी रेघ खरोखरच घराच्या मागं गेली होती. "बगा!" लालासाहेब गरजले.

"आता पाऊस सोडते," मयूरी म्हणाली. तिनं बटण दाबलं. रेघ फुगली, काठाला लागली, काठ ओलांडला, अंगणात आली, सोप्यात शिरली, आणि तिथं न थांबता आत गेली.

"आगं, कुटं निगालं ते?" मनुबाई पुढं झाल्या.

"स्वयंपाकघरात," मयूरी म्हणाली. "ओट्याला लागतंय. आभाळातल्या मोजणीनं सोप्यापर्यंतच आणलं होतं. आपल्या मोजणीनं आणखी आत नेलंय. मलाही कळेना, काका. डोहापाशी तळ अचानक वर आलाय. नळीत बोळा घातल्यासारखं पाणी तिथं तुंबतंय आणि मागं चढतंय."

कोंडीबा हसला नाही. त्याला हसूच सुचेना, एवढं त्याला बरं वाटत होतं. तो फक्त म्हणाला, "लालासाब, मी गळ घिऊन येतो. वट्यावर बसू."

शेवटी मयूरीचे मार्गदर्शक सुमंत सर स्वतः कराडहून आले. सुमंत सरांचा कॉम्प्युटरवर फार जीव. बरीच वर्षं ते देशभरातल्या नद्यांना खुर्चीतून पूर आणत होते. पांढरा शर्ट, पांढरे बूट. आल्या आल्या म्हणाले, "मी मयूरीला आधीच सांगत होतो. माणसानं घेतलेल्या मापात चूक होतेच. आभाळातनं मोजलेलं निदान एकसारखं तरी असतं."

"एकसारखं चुकीचं," लालासाहेब म्हणाले. "तुमच्या आभाळाला ऊस आन डोंगर कळंना."

"आणि तुमच्या पट्टीला डोह आणि टेकाड कळेना!"

"मी फौजेत पूल टाकलेत, साहेब."

"मी कराडात बसून ब्रह्मपुत्रेचा पूर काढलाय, काका."

दोघं डोहाच्या काठावर उभे राहून एकमेकांना मोजत होते. खाली डोहात मनुबाई धोंड्यावर गोधडी आपटत होत्या. आपटता आपटता त्यांनी मान वर केली. "आवं, कशापाय भांडताय? हितं ह्या धोंड्यावर तर हुबं ऱ्हाऊन मापलं की तुमी. बुटं भिजतील म्हून."

सगळ्यांनी आधी धोंड्याकडं बघितलं, मग बुटांकडं. 

लालासाहेबांचे कान लाल झाले. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण समोर मयूरी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतीच सुटका झाल्यासारखी ती हसत होती. "म्हणजे तळ वर आला नव्हता! धोंडा होता! काका, तुम्हाला माहितीये मी तीन रात्री झोपले नाही?"

लालासाहेब खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पट्टी घेऊन डोहात उतरले आणि पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत रुतले. दुसऱ्या पावलाला कंबर गेली. पट्टीही त्यांच्यासोबत खाली निघाली.

"तळ कुटला धरायचा?" ते ओरडले. "चिखुल लागला त्यो, का चिखलाखालचा?"

"वरचा!" सुमंत सर काठावरून म्हणाले.

"पाण्याच्या जोरानं चिखल वाहून जाईल, सर," मयूरी म्हणाली. "खालचा नको का?"

हा प्रश्न सुमंत सरांच्या खुर्चीत कधी आला नव्हता. नीट बघावं म्हणून ते एक पाऊल पुढं आले, आणि काठाची ओली माती त्यांना घेऊनच डोहात उतरली. पांढरा शर्ट बसल्या बसल्या काळा झाला. बांधावरून पळत आलेल्या कोंडीबानं दोघांना बैलाच्या दाव्यानं ओढून काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा लालासाहेबांना हात दिला म्हणून उरलेला दिवस तो गावभर मिरवत फिरला. मनुबाईंनी सुमंत सरांना न्हाणीघर दाखवलं आणि विश्वजीतचा जुना सदरा दिला. तो त्यांना गुडघ्यापर्यंत आला. जेवताना ते एकदम म्हणाले, "मयूरी, दोन्ही तळ धरून बघ. वरचाही आणि खालचाही," आणि भाकरीचा दुसरा तुकडा मागितला.

नव्या मापांनी पाणी पायरीशी थांबलं. लालासाहेबांनी जल्लोष केला नाही. नुसतं "बरं" म्हणाले.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. मयूरीनं घराच्या खालच्या अंगाला असलेल्या फरशी पुलाच्या भिंतीला, किती पावसाला पाणी कुठवर येईल त्याच्या रंगानं खुणा करून ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला तशी ती कराडहून येऊन राहिली. सकाळी ओढा लाल होऊन फुगला. लालासाहेब, कोंडीबा आणि मयूरी छत्र्या घेऊन पुलापाशी उभे राहिले. पाणी तिनं सांगितलेल्या खुणेला आलं. मयूरीनं टाळी वाजवली. पाणी खुणेच्या वर गेलं. टाळी थांबली.

"आवं, पायरी बुडली!" घराकडून मनुबाईंची हाक आली. "दुसरी बी बुडाया लागली!"

लालासाहेबांनी पुलाखाली वाकून बघितलं. पुलाच्या नळ्यांत उसाचं पाचट गच्च बसलं होतं. गाडीभर तरी असेल.

"कोंडीबा, हे तुज्या रानातलं हाय."

"माज्या रानातलं कशावरनं? पाचटावर नाव आसतं व्हय?"

"काठावर कोन टाकतंय दर साली?"

"आगं पन ते कॉम्प्युटरला का घातलं न्हाई मग?" कोंडीबा मयूरीवर उलटला. पाचट कॉम्प्युटरला कुणीच घातलं नव्हतं, ना आभाळानं ना पट्टीनं.

 लालासाहेब घरी धावत गेले आणि गोठ्यातून एक जाड दोर, आकडा आणि लांब पहार घेऊन आले. दोर त्यांनी पुलाच्या कठड्याला बांधला, गाठ अशी मारली की सुटायचा प्रश्न नव्हता, आणि दुसरं टोक कोंडीबाच्या कमरेला. "मी बांदतुय तर सुटायची न्हाई. आकडा टाक." पूल त्यांनी कधी बांधला नव्हता, पण दोर त्यांना कळत होता. मयूरी कठड्यापाशी दोराला हात देऊन उभी राहिली. दोघं म्हातारे एकमेकांना शिव्या घालत पाचट उपसत राहिले. एक नळी मोकळी झाली तसा पाण्यानं मोठा आवाज केला, दुसरी झाली तसं ते उतरायला लागलं. घराकडून मनुबाई ओरडल्या, "दुसरी पायरी उगडी पडली!"

कोंडीबा चिखलात फतकल मारून बसला. "लालासाब, पाचट माजंच हुतं," तो म्हणाला.

"म्हाईत हाय गड्या," लालासाहेब त्याची गाठ सोडत म्हणाले.

पुढं मयूरीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा ठरली. तिनं फोन करून दोघांना बोलावलं. लालासाहेब टोपी घालून आणि मनुबाई लग्नातलं लुगडं नेसून एसटीनं कराडला गेले आणि कॉलेजच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसले. मयूरी छान बोलली. पाणी कुठल्या कुठल्या डोंगरउतारावरून ओढ्यात गोळा होतं हे आभाळातल्या मोजणीनं फार चांगलं दाखवलं, असं तिनं सांगितलं. ते माणसानं चालून मोजायचं म्हटलं तर जन्म गेला असता. मोकळ्या माळावर तर दोन्ही मापं जवळजवळ जुळली. पण ऊस, झाडी आणि घरं आली तिथं ओढ्यात उतरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून तिनं दोन्ही एकत्र केली. पाचटाचंही एक वेगळं प्रकरण होतं. सुमंत सर मान डोलवत होते.

बाहेरून आलेले परीक्षक बारीक नजरेचे होते. त्यांनी पडद्यावरच्या एका जुन्या आकृतीवर बोट ठेवलं. "ह्या एका ठिकाणी तुमच्या पहिल्या मोजणीत एवढी मोठी चूक आहे. उपकरणाची का पद्धतीची?"

मयूरी उत्तर जुळवत होती. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लालासाहेब ताठ उभे राहिले होते, सावधानमध्ये.

"साहेब, बुटाची," ते म्हणाले. "माज्या. नवीन हुते. मी धोंड्यावर हुबा ऱ्हायलो. मुलीची काय चूक न्हाई."

 परीक्षकांनी चष्मा काढला आणि त्यांना हसू आवरेना. "आपण कोण?"

लालासाहेबांच्या ओठांवर पुलाचं वाक्य आलं होतं. मनुबाईंनी पदराआडून त्यांच्याकडं बघितलं.

"हवालदार, साहेब. रिटायर," ते म्हणाले. "स्टोअरला हुतो."

मयूरी पास झाली. सगळ्यांना पेढे दिले, आणि जाताना म्हणाली की पुढच्या वर्षी तिच्या वाईकडचा एक ओढा मोजायचा आहे, तिच्या मागची एक विद्यार्थिनी तोच विषय घेतेय. काका याल का? लालासाहेब लगेच हो म्हणाले नाहीत. कॅलेंडर बघून सांगतो म्हणाले, आणि तिची पाठ वळताच मनुबाईंना विचारलं, "वाईला थंडी किती आसती गं?"

परतीच्या गाडीला वेळ होता. मनुबाई म्हणाल्या, इतक्या वेळा कराडवरून गेले पण संगम काही बघितला नाही. कायम दवाखाना नाहीतर कुणाचं तरी लग्न. म्हणून दोघं कृष्णा-कोयनेच्या संगमावर गेले. दोन नद्या समोरासमोर येऊन भिडत होत्या आणि मग एक होऊन वळत होत्या. मनुबाईंनी भेळ घेतली, एकीचे दोन कागद करून. लालासाहेबांनी एक डोळा मिटला, हात लांब केला आणि अंगठा उभा धरला.

"आता ह्यात काय बगताय?"

"कोयनेचं पानी वाईच वर हाय का, ते बगतुय."

"बगा सावकाश," मनुबाई म्हणाल्या. "भेळ मऊ पडली म्हून मला बोलायचं न्हाई."

लालासाहेबांनी हात खाली घेतला आणि भेळेत घातला. ती तिखट होती. मनुबाईंनी आपल्या कागदातला कैरीचा एक तुकडा उचलून त्यांच्या कागदात टाकला आणि त्या पुन्हा नदीकडं बघायला लागल्या.